अर्धवट ओळख

आजारांनाही माणसांसारखे स्वभाव असतात, असे आमची आत्या म्हणत असे. सर्दी ही तिच्या मते शेजारीण. वाटीभर साखर मागायला म्हणून यायची, तासभर बसायची आणि आठ दिवसांनी पुन्हा दारात उभी. हिवताप म्हणजे सावकार. ठरल्या वेळी कडी वाजवणारा. आणि गोवर म्हणजे लग्नाचा मानकरी पाहुणा. एकदाच यायचा, घर डोक्यावर घ्यायचा. पण एकदा त्याची पाठवणी झाली की पुन्हा उंबरा ओलांडायचा नाही. घरात एका मुलाला गोवर निघाला की आत्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधी, भाजीला फोडणी देणे बंद करी आणि उरलेल्या भावंडांवरून नजर फिरवून म्हणे, "होऊन जाऊ दे एकेकाचा. जन्माची कटकट मिटेल."

आत्या शाळेत चौथीच्या पुढे गेली नव्हती, पण तिच्या या बोलण्यात पिढ्यान् पिढ्यांचे निरीक्षण होते. पुढे मी शाळेत शास्त्र शिकवू लागले तेव्हा एका डॅनिश डॉक्टरची हकीगत माझ्या वाचनात आली आणि मला आत्याचीच आठवण झाली. पानुम हे त्या डॉक्टरचे नाव. उत्तर अटलांटिक समुद्रात फेरो नावाची बेटे आहेत. तेथे १७८१ साली गोवराची साथ येऊन गेली आणि त्यानंतर पासष्ट वर्षे त्या बेटांवर गोवर फिरकलाच नाही. १८४६ साली तो पुन्हा आला तेव्हा पावणेआठ हजारांच्या वस्तीतली सुमारे सहा हजार माणसे अंथरुणाला खिळली. पानुम घरोघर हिंडला. त्याला असे दिसले की, पासष्ट वर्षांपूर्वी ज्यांना बाळपणी गोवर झाला होता अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. पासष्ट वर्षांत ती माणसे पोरांची आजोबा-आजी झाली, दात पडले, दृष्टी गेली, बाकी सारे विसरली असतील. पण त्यांचे रक्त गोवराला विसरले नव्हते!

गोवर म्हणजे साधा आजार असे मात्र कुणी समजू नये. लस येण्यापूर्वी त्याने घरोघरची मुले नेली आहेत. "होऊन जाऊ दे" असे म्हणण्याची पाळी आता लशीमुळे कोणत्याही आईवर येण्याचे कारण नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच की, शरीराच्या स्मरणशक्तीवरचा आपला विश्वास जुना आहे आणि तो पुष्कळ अंशी खराही आहे. 'होऊन गेला' हे दोन शब्द आपण ज्या सुटकेने उच्चारतो, त्यांत हा सारा विश्वास साठवलेला असतो.

या विश्वासाच्या माळेत लोकांनी हल्ली आणखी एक मणी ओवला आहे, आणि तो मणी त्या माळेतला नाही. तो म्हणजे डेंग्यू.

आमच्या पुण्यात गणपती उठले की डेंग्यूचे नाव कानावर यायला लागते आणि ते दिवाळी उलटून थंडी पडेपर्यंत चालते. पाऊस थांबत-थांबत पडतो, जागोजाग स्वच्छ पाणी साठते आणि अंगावर पांढरे पट्टे असलेला तो डास त्या पाण्यावर पोसतो. जिन्यात दोन बायका भेटल्या की फराळाच्या आधी तापाची चौकशी होते. "तुमच्याकडे कुणाला?" "धाकट्याला. थोरल्याला मागल्याच्या मागल्या वर्षी होऊन गेला." "मग थोरल्याची काळजी नाही." असा हा संवाद मी किती वेळा ऐकला असेल, त्याची गणती नाही. आत्याच बोलते आहे असे वाटते. फक्त आत्या गोवराविषयी बोलत होती.

२०१९ च्या दिवाळीची गोष्ट. माझा धाकटा भाऊ आणि भावजय दिवाळीला म्हणून आठ दिवस आधीच आमच्याकडे आले होते. भाजणी दळून आली होती, चिवड्याचे पोहे उन्हात पडले होते, आणि भाऊ स्टुलावर उभा राहून माळ्यावरचे आकाशकंदील काढीत होता. दुपारी तो खाली उतरला तो कपाळ धरूनच. संध्याकाळी ताप एकशे तीनवर गेला. डोळ्यांच्या मागे ठणका, कंबर आणि सांधे असे दुखत होते की कूस बदलवेना. या तापाला जुनी माणसे हाडमोड्या ताप म्हणत, ते उगीच नव्हे.

दुसऱ्या दिवशी रक्ताच्या तपासणीत डेंग्यू निघाला. आमचे डॉक्टर घरी आले. नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, आणि मग त्यांनी जो पहिला प्रश्न विचारला त्याची आम्हांपैकी कुणालाच अपेक्षा नव्हती.

"यापूर्वी कधी डेंग्यू झाला होता?"

"झाला होता की," भाऊ अंथरुणातूनच म्हणाला. "मुंबईला होतो तेव्हा, दोन हजार अकरा साली. तीन दिवस ताप आला आणि गेला. म्हणजे आता फारसं काही होणार नाही, नाही का?"

डॉक्टर क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी मला बाजूला बोलावले. "ताई, ताप चढेल तेव्हा घाबरू नका. ताप उतरेल तेव्हा मला फोन करा. उतरल्यापासून दोन दिवस यांना नजरेआड होऊ देऊ नका."

तीस वर्षे मी मुलांना थर्मामीटर वाचायला शिकवले. ताप उतरला की पेढे वाटायचे, हे कुणी शिकवावे लागत नाही. आणि हे गृहस्थ उलटेच सांगत होते! पण त्यांच्या आवाजात असे काही होते की मी मुकाट्याने भिंतीवरचे कॅलेंडर उतरवले आणि मागल्या कोऱ्या बाजूवर रकाने आखले. ताप किती, पाणी किती प्यायला, लघवी किती वाजता झाली. भावजयीने रात्रीची पाळी घेतली, मी दिवसाची.

ते चार दिवस घरात यात्रा भरली होती. पपईच्या पानांचा रस घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या. कुणी शेळीच्या दुधाचा पत्ता आणला, कुणी किवी नावाची केसाळ फळे आणली. आणि फोन तर थांबेचना. प्रत्येकाचा प्रश्न एकच, "प्लेटलेट किती?" पूर्वी मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशी जसे मार्क विचारीत, तसा हा आकडा सारी बिल्डिंग विचारीत होती. एक लाख वीस हजार म्हटले की सुस्कारा, नव्वद हजार म्हटले की हळहळ. डॉक्टर मात्र त्या आकड्याइतकेच दुसऱ्या एका आकड्याकडे पाहत. रक्त दाट होत चालले आहे का, हे सांगणारा तो आकडा. आमच्या बिल्डिंगमध्ये तो कुणी विचारला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. भाऊ उठून बसला. "ताई, चहा दे कडक," म्हणाला. आकाशकंदील अजून टांगला नाही म्हणून त्याने आम्हांला नावे ठेवली. भावजयीच्या डोळ्यांत पाणी आले. आणि मी डॉक्टरांना फोन केला.

ते येऊन पाहून गेले आणि म्हणाले, "पोटात दुखतं का, उलट्या होतात का, हात-पाय गार पडतात का, हिरड्यांतून रक्त येतं का, माणूस उगीच अस्वस्थ किंवा सुस्त होतो का, एवढं पाहा. यांतलं एक जरी दिसलं, तरी माझी वाट पाहू नका, थेट रुग्णालयात न्या."

संध्याकाळी सहाच्या सुमारास भाऊ पोट दाबून धरू लागला. अंगात ताप नव्हता. अंग उलट गार होते, आणि तळव्यांना घाम. त्याला एका जागी बसवेना. कॅलेंडरच्या मागे पाहिले तर दुपारपासून लघवीचा रकाना कोरा होता. आम्ही त्याला तसेच रिक्षात घातले. रुग्णालयात रक्तदाब बराच खाली आलेला आढळला. सलाइन लागले. रात्रभर दर तासाला कुणी ना कुणी येऊन ते मोजून कमी-जास्त करीत होते. तिसऱ्या दिवशी त्याला भूक लागली तेव्हा डॉक्टर हसले. "आता खरा उतरला," म्हणाले.

भाऊ वाचला, त्याला आता बरीच वर्षे झाली. पण डॉक्टरांचा तो पहिला प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आधी होऊन गेलेला आजार ढाल व्हायचा, तो येथे तलवार कसा झाला? निवृत्त मास्तरणीला वेळ असतोच. मी वाचत गेले, आणि मला जे उमगले ते माझ्या भाषेत सांगते.

डेंग्यूचा विषाणू एक नाही, चार आहेत. चार सख्ख्या भावांसारखे. चेहरेपट्टी एक, पण माणसे वेगळी. अमेरिकन शास्त्रज्ञ आल्बर्ट सेबिन, ज्यांचे नाव पुढे पोलिओच्या तोंडावाटे देण्याच्या लशीमुळे जगभर झाले, त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्ता, न्यू गिनी आणि हवाई येथे आजारी पडलेल्या सैनिकांच्या रक्तातून यांतले पहिले दोन भाऊ वेगळे केले. त्यांनी स्वखुशीने पुढे आलेल्या माणसांवर प्रयोगही केले. एका प्रकारचा डेंग्यू झालेल्या माणसाला तोच प्रकार पुन्हा होत नाही, हे त्यांना दिसले. दुसऱ्या प्रकारापासून मात्र संरक्षण मिळते ते जेमतेम दोन-तीन महिन्यांचे. पुढे ते ओसरत जाते. म्हणजे आत्याचे म्हणणे डेंग्यूच्या बाबतीतही एक चतुर्थांश खरे होते! आलेला भाऊ पुन्हा येत नाही. पण मागे तिघे उरतात.

आता शरीराचा पहारा कसा चालतो, ते पाहा. विषाणू एकदा शिरून गेला की रक्तात त्याच्या मापाची प्रतिपिंडे तयार राहतात. हे आपले पहारेकरी. तोच चोर पुन्हा आला तर ते त्याला जागच्या जागी जखडतात. पण आला दुसराच भाऊ तर? पहारेकऱ्याला वाटते, हा तोच. तो त्याला धरतो, पण माप चुकल्यामुळे पकड सैल पडते. चोर जखडला जात नाही, नुसता धरला जातो. आपल्या रक्तात काही पांढऱ्या पेशी अशा असतात की, प्रतिपिंडाने धरून आणलेली वस्तू दिसली की ती गिळून टाकायची, हे त्यांचे काम. आणि डेंग्यूचा विषाणू वाढतो तो नेमका याच पेशींत! म्हणजे पहारेकऱ्याने चोराला दंडाला धरून सन्मानाने तिजोरीच्या खोलीत नेऊन सोडावे, तसे होते. विषाणू पुष्कळ वाढतो, त्याच्याविरुद्ध शरीर खवळून उठते आणि या धुमश्चक्रीत बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात. रक्तातले पाणी बाहेर जाते, रक्त दाट होते, रक्तदाब कोसळतो. हे सारे घडते ते ताप उतरण्याच्या सुमारास. घर ज्या वेळी आनंदात असते त्याच वेळी.

हे कोडे उलगडले ते आपल्या पूर्वेकडच्या देशांत. १९५० च्या दशकात प्रथम मनिला येथे आणि मग १९५८ साली बँकॉक येथे लहान मुलांत एका रक्तस्रावी तापाची साथ आली. तो डेंग्यूच निघाला. मग त्याने इतके भयंकर रूप का घेतले? स्कॉट हॉलस्टेड हे अमेरिकन डॉक्टर १९६० च्या दशकात बँकॉकमध्ये हा प्रश्न घेऊन बसले होते. त्यांना असे आढळले की अत्यवस्थ होणाऱ्या मुलांचे दोन गट पडतात. एक गट दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्या मुलांचा. दुसरा गट तान्ह्या बाळांचा. वर्षाच्या आतल्या बाळांचा. त्यांना तर डेंग्यू प्रथमच झाला होता. मग त्यांच्या रक्तात जुनी ओळख आली कोठून?

ती आईकडून आली होती. आईला पूर्वी डेंग्यू होऊन गेलेला असला की तिची प्रतिपिंडे नाळेवाटे बाळाला मिळतात. पहिले काही महिने ती बाळाला जपतात. मग हळूहळू विरत जातात. आणि विरता-विरता एक वेळ अशी येते की, जपण्याइतकी ती उरलेली नसतात आणि अजिबात नाहीशीही झालेली नसतात. नेमक्या त्याच काळात डास चावला, तर आईची ती माया बाळाच्या जिवावर उठू शकते. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. यात आईचा काय दोष? बाळाच्या पाळण्याला भरदिवसाही मच्छरदाणी लावायची, एवढेच तिच्या हाती. हा डास दिवसा चावणारा आहे.

पुरेशी ओळख तारते, अजिबात ओळख नसली तर एकपट धोका, आणि अर्धवट ओळख असली तर कितीतरी पट. निकाराग्वा देशातल्या मानाग्वा शहरात मुलांच्या रक्ताचे नमुने बारा वर्षे तपासून शास्त्रज्ञांनी २०१७ साली हेच मांडले. प्रतिपिंडे भरपूर असलेली मुले सुरक्षित होती. मधल्याच एका अरुंद पट्ट्यातली मुले सर्वांत धोक्यात होती.

या बाबतीत क्यूबाची गोष्ट तर एखाद्या प्रयोगासारखी आहे. ते एक बेट. कोण केव्हा आजारी पडले याचा हिशेब तेथे नीट ठेवलेला. १९७७ साली तेथे डेंग्यूचा पहिला भाऊ आला. लाखो लोकांना सौम्य ताप येऊन गेला. चार वर्षांनी, १९८१ साली दुसरा भाऊ आला. या वेळी ३,४४,२०३ रुग्णांची नोंद झाली, त्यांतले दहा हजारांवर अत्यवस्थ झाले आणि १५८ दगावले. त्यांत १०१ मुले होती. क्यूबाच्या लोकांनी मग डासांविरुद्ध मोहीम काढली आणि पुढे सोळा वर्षे देशात साथ येऊ दिली नाही. पण १९९७ साली सांतियागो शहरात हाच दुसरा भाऊ पुन्हा शिरला. अत्यवस्थ झालेले जवळजवळ सारे रुग्ण मोठ्या वयाचे होते. वीस वर्षांपूर्वी, १९७७ च्या साथीत ज्यांना पहिला डेंग्यू झाला होता, तेच! मधल्या काळात जन्मलेल्या मुलांच्या रक्तात कसलीच जुनी ओळख नव्हती. ती ताप काढून मोकळी झाली. वीस वर्षे! माणूस एवढ्या काळात कर्ज फेडून मोकळा होतो. रक्ताची ही उधारी मात्र फिटत नाही.

ही बाब न ओळखली गेल्याने एका देशाला फार सोसावे लागले. फिलिपीन्समध्ये २०१६ साली शाळकरी मुलांना डेंग्यूची एक नवी लस देण्यास सुरुवात झाली. आठ लाखांहून अधिक मुलांना ती टोचली गेली. २०१७ च्या नोव्हेंबरात लस करणाऱ्या कंपनीने जाहीर केले की, ज्यांना पूर्वी डेंग्यू होऊन गेला आहे त्यांना ही लस उपकारक आहे. पण ज्यांना तो कधीच झालेला नाही, त्यांना पुढे खरा डेंग्यू झाला तर तो अधिक तीव्र होण्याची भीती आहे. म्हणजे लशीनेच 'पहिल्या भावा'चे काम केले होते! मोहीम थांबली. आईबापांचा विश्वास असा ढासळला की साऱ्याच लशींकडे लोक संशयाने पाहू लागले, आणि २०१९ साली त्या देशात गोवराची मोठी साथ उसळली. जो आजार एका लशीने खरोखर दारातून परत पाठवता येतो, तोच! चारही भावांना एकदम आणि सारख्या मापाने ओळखायला शिकवील अशी लस घडवायला किती जपावे लागते, ते यावरून कळते. आपल्या देशात तयार झालेल्या अशाच एका लशीची मोठी चाचणी २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली.

हे सारे वाचून कुणी दिवाळीचा फराळ कडू करून घेऊ नये. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्यांपैकीही पुष्कळजण ताप काढून घरच्या घरी बरे होतात, आणि क्वचित पहिल्याच वेळचा डेंग्यूही भारी पडतो. अत्यवस्थ झालेला रुग्ण वेळेवर रुग्णालयात पोचला, तर शंभरातले नव्याण्णवाहून अधिक वाचतात. त्यासाठी औषधही काही दुर्मीळ लागत नाही. मीठ-पाणी शिरेतून मोजून द्यायचे, एवढेच. तापाला पॅरासिटॅमॉल चालते, तेही डॉक्टर सांगतील तेवढेच. अंग दुखते म्हणून ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घरच्या डब्यातून काढून द्यायचे नाही, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पण हे सारे साधते ते वेळ साधली तर. आणि वेळ साधायची तर 'होऊन गेला' हे शब्द सुटकेच्या सुरात नव्हे, सावधपणाच्या सुरात डॉक्टरांच्या कानावर घालायला हवेत.

यासाठी मी आमच्या घरात एक जुनी वही ठेवली आहे. पूर्वी तीत दूधवाल्याचा हिशेब असे. आता तीत कुणाला कोणत्या साली डेंग्यू झाला ते लिहिलेले आहे. चार भावांपैकी कोणता आला होता, ते मात्र त्या वहीत लिहिता येत नाही. नेहमीच्या तपासणीत ते कळतच नाही. ताप डेंग्यूचा आहे की नाही एवढेच ती सांगते. आमच्याच पुण्यात १९५२ साली सुरू झालेली विषाणू संशोधनाची संस्था आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. देशभरातल्या सरकारी रुग्णालयांना डेंग्यूच्या तपासणीचे संच तेथून जातात. विषाणूचा प्रकार ओळखण्याचे काम अशा मोजक्या प्रयोगशाळांतच चालते. घरोघरच्या तापाला ती चैन कोठून परवडणार? आणि भारतात तर चारही भाऊ नांदत आहेत. आमच्या वहीत आज तीन नावे आहेत: भाऊ, मी, आणि माझा नऊ वर्षांचा नातू. माझा आणि नातवाचा दुसरा अजून व्हायचा आहे. तो होऊ नये, एवढीच खटपट.

ही खटपट फार मोठी नाही. हा डास गटारात जन्मत नाही. आपल्या घरच्या स्वच्छ पाण्यात जन्मतो, आणि फार दूर उडतही नाही. आपल्याला चावला तो बहुधा आपल्या किंवा शेजारच्या घरचाच असतो. कुंडीखालची बशी, फ्रिजच्या मागचा ट्रे, गच्चीवरचे पिंप, मनी प्लँटची बाटली, कोपऱ्यात पडलेला टायर. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा. सारी भांडी ओतायची, पण नुसती ओतायची नाहीत. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भांड्याच्या अंगाला चिकटलेली असतात आणि पाण्यावाचून महिनोन् महिने तग धरतात. पाणी लागले की पुन्हा फुटतात. म्हणून काथ्याने आतून खसखसून घासायचे. आत्या तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घाशी, त्या जोमाने. ज्या हौदाला ओतता येत नाही, त्यात गप्पी मासे सोडायचे; ते अळ्या खातात.

नातवाने यंदा अंगणात सिंहगड केला आहे. माती, दगड, गोणपाट, आणि उतारावर हिरवेगार अळीव. वर देवटाके म्हणून त्याने एक वाडगा पुरला आहे आणि तो पाण्याने भरला आहे. किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत मोडायचा नाही, असा त्याचा हट्ट. मी म्हटले, मोडू नकोस. पण देवटाक्यातले पाणी दर तीन दिवसांनी उपसायचे, टाके कोरड्या फडक्याने पुसायचे, आणि मग नवे भरायचे. त्याने विचारले, "मावळे असं करायचे?" मी म्हटले, "गड राखायचा तर टाकं राखावंच लागतं." तेव्हापासून तो रोज शाळेतून आला की आधी वाडग्यात डोकावतो. काल त्याने बाजूच्या किल्ल्यावरच्या पोरांनाही बोलावून त्यांची तळी तपासली. एका तळ्यात खरोखरच बारीक अळ्या वळवळत होत्या. पोरांनी ते तळे तिथल्या तिथे उन्हात पालथे केले.